मनाचा डॉक्टर : चिकित्सक की समुपदेशक?

होळीच्या दिवशी पुरणाची पोळी पानात तशीच ठेवून दादाने बँकेचे कागद माझ्यापुढे सरकवले आणि म्हटले, "पेन्सिलीने फुल्या केल्यात, तिथे सह्या कर." ही मार्च २०२५ मधली गोष्ट. कागद घर तारण ठेवण्याचे होते. नाशिकचे हे घर आमच्या आप्पांनी बांधले. त्यांच्यामागे ते दादाच्या नि माझ्या नावावर झाले, म्हणून माझ्या सहीवाचून बँकेचे घोडे अडले होते. कर्ज कशासाठी, तर माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, अमेरिकेत मानसशास्त्रातली डॉक्टरकी करायची होती.

मी कॉलेजात मराठी शिकवते. माझ्या हातात आजवर जे कर्जाचे कागद आले ते सोसायटीच्या फ्लॅटचे. तेव्हा सही करण्यापूर्वी हे प्रकरण आहे तरी काय, एवढे समजून घ्यावे म्हणून मी भाचीला विचारले, आणि पुढचा महिना मी त्या एकाच विषयात बुडून गेले. ज्यांच्या घरात अशी एखादी मुलगी अगर मुलगा 'सायकॉलॉजी' करीत आहे, (आणि आताशा ते बऱ्याच घरांत करतात,) त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून त्यातले काही इथे मांडते.

भाचीला दोन ठिकाणांहून बोलावणे आले होते. एके ठिकाणी क्लिनिकल सायकॉलॉजीची 'साय.डी.' ही पदवी. चार वर्षांचा अभ्यास, पाचवे वर्ष उमेदवारीचे. शुल्क वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या घरात आणि राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा. दुसऱ्या ठिकाणी काउन्सेलिंग सायकॉलॉजीची पीएच.डी. पाच ते सहा वर्षे. पण शुल्क माफ, आणि खालच्या वर्गांना शिकवण्याच्या बदल्यात पोटापुरते विद्यावेतन. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी आपसांत ठरवले आहे की, अशा विद्यावेतनासह दिलेल्या जागेवर हो की नाही हे कळवायला विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत मुदत द्यायची. म्हणजे आमच्या हातात महिनाभर होता.

आता कोणी म्हणेल, यात विचार तो कसला? एकीकडे दीड कोटीच्या जवळपास खर्च आणि दुसरीकडे फुकट! पण दादाचे म्हणणे नेमके उलट होते. "क्लिनिकल म्हणजे क्लिनिकल. दवाखाना, इस्पितळ, डॉक्टर. काउन्सेलिंग काय, आपल्या कोपऱ्यावरची बाईसुद्धा करते. दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी ते सांगते, आणि पाचशे रुपये घेते. त्यासाठी पोर सात समुद्रापलीकडे कशाला पाठवायची?" भाचीही मनातून क्लिनिकलकडेच झुकली होती, पण तिचे कारण निराळे होते. तेही सांगते.

आप्पांची शेवटची चार वर्षे स्मृतिभ्रंशात गेली. भाची तेव्हा अकरावी-बारावीत. मला ते 'मास्तरीणबाई' म्हणत आणि दादाला बँकेतला कारकून समजून पासबुक मागत. पण नातीपाशी त्यांचे काहीतरी निराळे सूत होते. ती त्यांना पत्त्यांतला रंग ओळखायला लावी, घड्याळ काढायला लावी; कोणत्या दिवशी काय जमले ते वहीत टिपून ठेवी. पुढे एम.ए.ला गेल्यावर तिला कळले की, घड्याळ काढून घेणे ही खरोखरच मेंदूच्या तपासणीतली एक रुळलेली चाचणी आहे. तेव्हापासून तिच्या डोक्यात न्यूरोसायकॉलॉजी बसली: मेंदूला इजा झाली, वार्धक्याने तो झिजला, तर स्मृतीचे, भाषेचे, निर्णयशक्तीचे नेमके काय शिल्लक आहे हे मोजण्याचे शास्त्र. आणि ही शाखा म्हणजे क्लिनिकलवाल्यांचे घर, अशी तिची समजूत. ती अगदीच खोटी नाही.

मराठीची मास्तरीण म्हणून मी आधी शब्दांच्या मागे लागले. 'क्लिनिकल'चे मूळ ग्रीक 'क्लिने', म्हणजे खाट. रोग्याच्या खाटेशी बसून करायची ती क्लिनिकल वैद्यकी. 'काउन्सेल'चे मूळ लॅटिनमध्ये, अर्थ मसलत. एक खाटेशी बसणारा, दुसरा मसलतीला बसणारा. आपण मराठीत याचे 'चिकित्सा मानसशास्त्र' आणि 'समुपदेशन मानसशास्त्र' असे भाषांतर केले. पैकी 'चिकित्सा' हा शब्द मला फार आवडतो, कारण मराठीत चिकित्सक माणूस म्हणजे औषध देणारा नव्हे, तर प्रत्येक भेंडीचे टोक मोडून पाहिल्याशिवाय भाजी न घेणारा. मानसशास्त्रज्ञाला हा गुण हवाच. 'समुपदेशन' या शब्दावर मात्र माझा राग आहे. उपदेशाला कंटाळून माणूस ज्याच्याकडे जायचा, त्याच्या पाटीवरच उपदेश लिहिलेला, आणि वर 'सम्'चा टिळा! असो.

शब्दांवरून इतिहासाकडे गेले, आणि तिथे मौज वाटावी असे पुष्कळ सापडले.

अमेरिकेतले पहिले मानसशास्त्रीय क्लिनिक लाइटनर विटमर या प्राध्यापकाने १८९६ मध्ये फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काढले. 'क्लिनिकल सायकॉलॉजी' हे नाव त्याचेच. त्याच्याकडे आलेला पहिला रोगी कोण असेल? वेडाच्या भरात कपडे फाडणारा कोणी? छे! तो होता एक चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा, आणि त्याचा रोग म्हणजे शुद्धलेखन. बाकी हुशार, पण स्पेलिंग म्हणून येईना. त्याच्या बाईंनीच त्याला विटमरकडे आणले. विटमरने तपासले, तर दृष्टीतही दोष निघाला. त्याने त्याला चष्मा करवला आणि मग चिकाटीने शिकवणी लावली. माझ्या वर्गातली निम्मी मुले मला लगेच आठवली. ज्या विद्येला दादा इस्पितळाची समजतो, तिचा पहिला रोगी शाळेच्या बाकावरून आलेला होता.

दुसऱ्या बाजूचा मूळपुरुष फ्रँक पार्सन्स. हा गृहस्थ शिकला इंजिनिअरिंग, रेल्वेत लागला, मग मजुरी केली, शाळेत शिकवले, वकिलीची परीक्षा दिली, कायद्याचा प्राध्यापक झाला, बोस्टनच्या मेयरच्या निवडणुकीला उभा राहून पडला. इतके धंदे करून झाल्यावर 'धंदा कसा निवडावा' हे लोकांना सांगण्याचा अधिकार त्याला नाही तर कोणाला? त्याने १९०८ मध्ये बोस्टनला व्यवसायमार्गदर्शनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी तो वारला. त्याचे पुस्तक १९०९ मध्ये, त्याच्या मागे निघाले. माणसाने स्वतःला ओळखावे, कामाला ओळखावे, आणि दोहोंचा मेळ घालावा, ही त्याची तीन पायऱ्यांची रीत. आज काउन्सेलिंग सायकॉलॉजी जिला म्हणतात तिचे एक मूळ इथे आहे. म्हणूनच अमेरिकेत हा विषय पुष्कळ ठिकाणी मानसशास्त्र विभागात नसून शिक्षणशास्त्राच्या इमारतीत भेटतो.

हे दोन्ही ओढे एका पात्रात आणले ते दुसऱ्या महायुद्धाने. लाखो सैनिक परतले. कोणाची झोप उडालेली, कोणाला नोकरी नाही, काहींना दोन्ही दुखणी. सरकारच्या माजी सैनिक खात्याने १९४६ पासून क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ तयार करण्यासाठी पैसा ओतला, आणि १९५२ च्या सुमारास काउन्सेलिंगवाल्यांसाठीही जागा काढल्या. १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी परिषद भरली. तिथे ठरले की मानसशास्त्रज्ञ हा शास्त्रज्ञही हवा आणि उपचारकही. काउन्सेलिंगवाल्यांनी १९५१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जमून जवळजवळ तसेच ठरवले. इलिनॉय विद्यापीठाने १९६८ मध्ये नवी पदवी काढली: संशोधनापेक्षा उपचारावर भर देणारी साय.डी.; आणि १९७३ मध्ये कोलोरॅडोतच, व्हेल येथे, या दुसऱ्या वाटेला मान्यता मिळाली. म्हणजे आमच्या घरातला वाद हा एकच वाद नव्हता, दोन होते. क्लिनिकल की काउन्सेलिंग, हा एक, आणि पीएच.डी. की साय.डी., हा दुसरा. दादा पहिल्यावरून भांडत होता, आणि बँकेचे कागद निघाले होते दुसऱ्यापायी!

हे लक्षात आले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी तशीच भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "आत्या, मला ते माहीत आहे गं. पण बाबांना सांगायला गेलं की ते म्हणतात, तुझं आपलं काहीतरीच."

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत 'सायकॉलॉजिस्ट' हे नाव कोणालाही लावता येत नाही. त्यासाठी राज्याचा परवाना लागतो. पहिला कायदा कनेटिकट राज्याने १९४५ मध्ये केला, आणि १९७७ मध्ये मिसूरीने केला तेव्हा सर्व राज्ये पुरी झाली. या परवान्यावर साधारणपणे 'क्लिनिकल' किंवा 'काउन्सेलिंग' असा भेद नसतो. परवाना सायकॉलॉजिस्टचा, परीक्षा तीच, वर्षभराची उमेदवारी दोघांनाही, त्या उमेदवारीच्या जागांसाठी देशभरच्या मुलांची नि संस्थांची पसंती जुळवून पाहणारी यंत्रणाही एकच. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, म्हणजे १८९२ मध्ये स्थापन झालेली त्यांची मोठी संघटना, क्लिनिकल, काउन्सेलिंग आणि शालेय या तिन्ही शाखांच्या डॉक्टरकीला एकाच नियमावलीने मान्यता देते. काही विद्यापीठांनी तर भिंतच पाडली आहे. यूटा स्टेट विद्यापीठात क्लिनिकल आणि काउन्सेलिंग मिळून एकच अभ्यासक्रम आहे. परवाना हाती आल्यावर दोघेही स्वतंत्र व्यवसाय करू शकतात, नैराश्याच्या नि चिंतेच्या रोग्यांवर उपचार करू शकतात, चाचण्या घेऊ शकतात. चाळीसहून अधिक राज्यांनी आपसांत करार केला आहे, त्यान्वये पात्र सायकॉलॉजिस्टला दुसऱ्या राज्यातल्या रोग्याशी दूरध्वनीच्या पडद्यावरून बोलता येते. तिथेही शाखा आड येत नाही.

मात्र एका चकव्यापासून सावध राहायला हवे. 'काउन्सेलिंग सायकॉलॉजी' आणि नुसते 'काउन्सेलिंग' ही दोन वेगळी कुळे आहेत. एम.ए. करून 'कौन्सेलर'चा परवाना मिळतो तो निराळा, त्याचे अधिकार निराळे. 'कौन्सेलर एज्युकेशन' नावाचीही एक पीएच.डी. आहे, ती मुख्यतः कौन्सेलरांना शिकवणारे तयार करते, तिने सायकॉलॉजिस्टचा परवाना मिळत नाही. नावे इतकी सारखी की जाहिरात घाईने वाचणारा फसलाच म्हणून समजा. दादाच्या कोपऱ्यावरच्या बाईंचा गोंधळ आपल्याकडचाच आहे असे नव्हे. आणि सायकॉलॉजिस्ट म्हणजे सायकिअॅट्रिस्ट नव्हे, हेही शेजाऱ्यांना दहा वेळा सांगून झाले. औषधे लिहून देतो तो एम.डी. झालेला वैद्य. न्यू मेक्सिकोने २००२ मध्ये जादा शिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञांना काही औषधे लिहून देण्याची परवानगी दिली आणि मग आणखी काही राज्यांनी तीच वाट धरली. पण तो अपवादच.

मग फरक काही नाहीच का? आहे. पण तो कायद्यात नाही, वहिवाटीत आहे. क्लिनिकलच्या विद्यार्थ्याची उठबस इस्पितळे, मनोरुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये इथे जास्त. तीव्र आजारांशी त्याची गाठ लवकर पडते. काउन्सेलिंगचा विद्यार्थी विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांत वाढतो. नोकरी, शिक्षण, स्थलांतर, वंश, कुटुंब यांच्या ओढाताणीत सापडलेल्या, पण एरवी धडधाकट माणसाकडे पाहायला तो शिकतो. माणसाची बिघाडाची बाजू आधी पाहायची की शाबूत बाजू, हा त्यांच्यातला जुना स्वभावभेद. काउन्सेलिंगचे विभाग एम.ए. झालेल्यांना जास्त आपुलकीने घेतात, हेही ऐकले, क्लिनिकलच्या पीएच.डी.वाल्यांना पदवीपासून संशोधनात रुळलेली मुले आवडतात. प्राध्यापकी करायची तर ज्या शाखेची डॉक्टरकी त्याच शाखेच्या विभागात जागा मिळणे सोपे. आणि न्यूरोसायकॉलॉजी? १९९७ मध्ये ह्यूस्टनला या शाखेच्या शिक्षणाची चौकट ठरली: डॉक्टरकीतच पाया, उमेदवारी, आणि त्यानंतर दोन वर्षांचे विशेष शिक्षण. त्या चौकटीत काउन्सेलिंगवाल्याला मज्जाव नाही. पण पाया कुठे घालणार? ज्या विभागात मेंदूच्या चाचण्या शिकवणारे कोणी नाही, तिथून त्या वाटेला लागणे म्हणजे गोदावरीत पोहायला शिकण्यासाठी पुस्तक मागवण्यासारखे.

भाचीचा जीव इथेच अडकला होता, आणि माझाही. आप्पांची ती वही अजून आमच्या कपाटात आहे.

यानंतर आम्ही दोघींनी एक काम केले, जे आधी करायला हवे होते. मान्यताप्राप्त प्रत्येक अभ्यासक्रमाला काही कोष्टके जाहीर करावी लागतात: किती मुले आली, किती मध्येच सोडून गेली, पदवीला किती वर्षे लागली, खर्च किती, किती जणांना मान्यताप्राप्त उमेदवारी मिळाली, पुढे किती जणांना परवाना मिळाला. जाहिरातीतले हसरे चेहरे बाजूला सारून आम्ही ही कोष्टके छापून घेतली आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. साय.डी.च्या वर्गात एका वर्षी चाळिसांवर मुले. काउन्सेलिंगच्या पीएच.डी.त सहा. चाळिसांच्या वर्गात सोडून जाणाऱ्यांचा आकडा पाहून वहिनी प्रथमच बोलली, "इतकी मुलं कर्ज काढून मध्येच परत येतात?" दादाने चष्मा पुसला. उमेदवारीच्या रकान्यातही लहान वर्ग वरचढ होता. हे सर्वत्र असेच असते असे मी म्हणत नाही, उत्तम साय.डी.ही आहेत, आणि विद्यावेतन देणारे क्लिनिकल पीएच.डी.चे वर्ग तर पुष्कळ आहेत, पण त्यांत शिरकाव फार अवघड. भाचीने तिथेही अर्ज केले होते. नकार आले होते. आमच्यापुढे होती ती ही दोनच पाने.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मात्र कोणत्याही जाहिरातीत नव्हती. ज्या माजी सैनिक खात्याने हा सारा व्यवसाय उभा केला, ते आजही मानसशास्त्रज्ञांच्या उमेदवारीच्या जागा देणाऱ्यांत सर्वांत मोठे आहे. क्लिनिकल आणि काउन्सेलिंग, दोघांनाही ते घेते. पण उमेदवार अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. म्हणजे आमच्या मुलीला ते दार दोन्हीकडून बंद. परदेशी विद्यार्थ्याने शाखेच्या नावापेक्षा हे आधी विचारावे: तुमच्याकडच्या परदेशी मुलांना उमेदवारी कुठे मिळाली? भाचीने दोन्हीकडे लिहून विचारले. काउन्सेलिंगच्या विभागाकडून दुसऱ्याच दिवशी एका प्राध्यापिकेचे सविस्तर उत्तर आले. तीत असेही होते की, विद्यापीठाच्या इस्पितळात वृद्धांच्या स्मृतितपासणीचा विभाग आहे, तिथे आमची मुले तिसऱ्या वर्षापासून काम करू शकतात, पण जागा मिळेलच अशी हमी नाही. दुसरीकडून आले ते प्रवेशशुल्क भरण्याचे स्मरणपत्र.

इथवर आल्यावर माझे मत झाले होते. मी ते दादाला सांगितले. त्यावर त्याने असा एक प्रश्न टाकला की माझे महिनाभराचे पांडित्य गडगडले. तो म्हणाला, "आणि ती परत आली तर?"

मी अमेरिकेच्याच चष्म्यातून सारे पाहत होते. तिथे दोन पाट्यांना एक परवाना. आपल्याकडे मात्र पाटीप्रमाणे कायदाच बदलतो. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हा १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीतला माणूस. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही व्याख्या आहे ती त्याचीच. इतर मानसशास्त्रज्ञ आणि नाना तऱ्हेचे समुपदेशक २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या दुसऱ्याच कायद्यात घातले आहेत. त्या कायद्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ असे लिहून पुढे 'परिषदेखालचा क्लिनिकल सोडून' असे म्हटले आहे. म्हणजे अमेरिकेत जे दोन शब्द जवळजवळ समानार्थी, ते मुंबईत उतरताच वेगळ्या घरचे होतात. काउन्सेलिंगची डॉक्टरकी घेऊन परतलेल्या मुलीला इथे शिकवता येईल, संशोधन करता येईल, लोकांशी बोलण्याचा व्यवसाय करता येईल. पण इस्पितळातली 'क्लिनिकल'ची जागा मागायला गेली तर पदवीच्या नावापासून वाद सुरू होईल. आणि परदेशातली क्लिनिकल पदवी तरी डोळे मिटून कोण घेणार? तिचाही अभ्यासक्रम नि प्रत्यक्ष कामाचे तास तपासले जाणारच. पण निदान नाव तरी जुळेल.

लवचिकपणा, लवचिकपणा म्हणून भाची जे म्हणत होती, तो पदवीत नसून कुठे राहायचे या प्रश्नात दडलेला निघाला. पंचविसाव्या वर्षी त्याचे उत्तर कोण देणार? मी विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आत्या, आप्पांच्या वेळी नाशिकमध्ये आपण किती वणवण केली, कोणी नीट तपासून सांगेना. मला परत यायचंच आहे. पण दीड कोटीचं कर्ज घेतलं तर येता येईल का? इथल्या पगारात ते कधी फिटेल? ते फेडायला तिथेच राहावं लागेल."

दादा ऐकत होता. त्याच्या नोकरीची चार वर्षे उरली आहेत. तो उठून गच्चीवर गेला, आणि आप्पांनी लावलेल्या चाफ्याला उगाच पाणी घालीत बसला.

१२ एप्रिलला भाचीने काउन्सेलिंगच्या पीएच.डी.ला होकार कळवला. तिने काय सोडले हे तिला पुरते ठाऊक आहे. इस्पितळातला तो विभाग तिला मिळेलही, कदाचित नाहीही. न मिळाल्यास दुसऱ्या गावी उमेदवारी शोधावी लागेल, आणि त्यानंतरची दोन वर्षे वेगळी. पुढेमागे इथे परत यायचे तर 'क्लिनिकल' हा शब्द नावापुढे लावण्यासाठी झगडावे लागेल, म्हणून आत्तापासून प्रत्येक चाचणीची, प्रत्येक तासाची, प्रत्येक अभ्यासक्रमाची नोंद शिक्क्यानिशी जपून ठेवायची, असे मी तिला बजावले आहे. वही लिहिण्याची सवय तिला आहेच. माझी स्वतःची खात्री विचाराल तर ती पूर्ण झालेली नाही. विद्यावेतन देणारी क्लिनिकल पीएच.डी. मिळाली असती तर मी तिला तिकडेच ढकलली असती, आणि पुन्हा एक वर्ष थांबून अर्ज करावेत असेही एकदा माझ्या तोंडून निघून गेले होते. ती थांबायला तयार नव्हती.

ऑगस्टमध्ये ती गेली. पहिल्या महिन्यात तिला पदवीच्या मुलांचे पेपर तपासायला दिले. फोनवर म्हणाली, "यांचं स्पेलिंग बघशील तर रडशील." मी तिला विटमरच्या त्या मुलाची आठवण करून दिली. दादा अजून शेजाऱ्यांना मुलगी 'क्लिनिकल करते' असेच सांगतो. सुरुवातीला वहिनी दुरुस्त करीत असे, आता तिनेही सोडून दिले आहे.

सही न केलेले बँकेचे कागद माझ्याकडेच राहिले होते. परवा वसुबारसेला दादा आला, पेन मागितले, आणि त्यातल्याच एका कागदाच्या कोऱ्या बाजूवर अमेरिकेला पाठवायच्या फराळाची यादी करू लागला. अनारसे तिथवर टिकतात की नाही, यावरून सध्या वाद चालू आहे.